गाळ

दिवाळी सरल्यावरच्या आठवड्यात
जळगावच्या सराफ बाजारात
पहाटे चारला आमचा झाडू लागतो.
सुपडाआत्या पुढे, मी मागे पोतं धरून,
सुट्टीवर आलेली, हातमोजे घातलेली.
हातमोज्यांवरून ती अजून हसते.

दुकानांच्या पायऱ्या, गटारीची कड,
कारागिरांच्या जिन्याखालचा काळा कोपरा.
आम्ही झारेकरी.
दुसऱ्यांच्या कानशीतून उडालं
ते आमच्या वाट्याचं.

"तू तठे काय करस?" ती दरवर्षी विचारते,
मी दरवर्षी वेगळं सांगते.
यंदा सांगितलं: हेच.
शेजारी एक दीर्घिका आहे, देवयानी,
तिच्या कडेची धूळ झाडते.
"कितली दूर शे?"
पंचवीस लाख वर्षं, उजेडाच्या चालीनं.
झाडू थांबला.
"मंग जोडे कशी?"

आत्ता ती वायव्येला मावळायला टेकली असेल,
फुले मार्केटच्या दिव्यांमागे.
दिसत नव्हती. मी तरी बोट केलं.

जवळ कशी, ते सांगेपर्यंत गल्ली संपली.
लांबच्या दीर्घिका म्हणजे
बंद शटरच्या फटीतून येणारा उजेड,
आत दिवे किती, कोणते, कळत नाही.
हिच्यातला तारा मात्र एकेक सुटा दिसतो,
आणि सुटा दिसला
की कसाला लावता येतो.

हायड्रोजन-हेलियम सोडून
आम्ही उरलेल्या सगळ्याला धातूच म्हणतो,
हे ऐकून विसपुतेकाका कसोटीवरचा हात थांबवून म्हणाले होते,
"कोळसासुद्धा धातू? मग श्वास?"
श्वासातला प्राणवायूसुद्धा, काका.
ज्या ताऱ्यात धातू कमी तो जुना,
मोडायला काही नव्हतंच तेव्हाचा.
नंतरचे सगळे मोडीतून घडलेले.

घरी काठवटीत पाणी.
आत्या मनगट फिरवते,
माती कडेकडेनं निघून जाते,
जड असेल ते आपली जागा सोडत नाही.
ती नखानं एक कण बाजूला करते.
हा आपल्या बाजारातला नाही, म्हणते,
तांबं जास्त आहे, कुठून तरी मोडीत आलेला.
कसं कळलं?
कळतं.

मार्चमध्ये मला असेच चारशे अकरा तारे सापडले,
देवयानीच्या अंगावरून तिरपे गेलेले,
रंग वेगळा, चाल वेगळी.
कधीतरी एक लहान दीर्घिका
तिच्याजवळून गेली असणार,
एकदा,
मग आणखी एकदा.
तिसऱ्यांदा जायला ती उरली नव्हती.
मोठ्या दीर्घिका अशा मोठ्या होतात
हे मी निबंधात जरा सभ्य भाषेत लिहिलं.
परीक्षकांनी विचारलं, हे तारे तिचे स्वतःचे नाहीत कशावरून?
"कळतं" असं लिहिता येत नाही.
अकरा पानं लिहिली.

यंदा पोतं अर्धंच भरलं.
नव्या कारखान्यांतून यंत्र बसलंय,
हवेतलीसुद्धा धूळ ओढून घेणारं.
वायू संपला की दीर्घिकेत
नवा तारा घडत नाही,
ती लाल होत जाते, पुढची कित्येक अब्ज वर्षं
नुसती दिसत राहते.
हे मी आत्याला सांगितलं नाही.
तिनं विचारलंही नाही.

ऊन अंगणात आलं तेव्हा
काठवटीच्या तळाशी कुंकवाच्या बोटाएवढं पिवळं होतं.
पारा आणायला ती आत गेली.
मी काठवट उचलली, उरलेली माती
मोरीत ओतायला निघाले,
तर आतूनच तिचा आवाज:
"गाळ फेकू नको.
उन्हाळामा आखो एक डाव धुवूत."